'पोर्ट' : बंदर, दार, ओझे आणि डावी बाजू

दाभोळहून तुम्ही लिहिले आहे, की व्यापारी जहाजावरच्या नोकरीसाठी तुम्ही जे प्रशिक्षण घेणार आहात, त्याच्या पुस्तकात 'पोर्ट' हा शब्द सुरुवातीच्या चारच पानांत तीन निराळ्या अर्थांनी आला: एकदा बंदर, एकदा जहाजाची डावी बाजू आणि एकदा जहाजाच्या कुशीतला गोल झरोका. त्याच सुमारास घरात मोबाइलचा नंबर 'पोर्ट' करण्याचे चालले होते, संगणकाचे एक 'पोर्ट' बिघडले होते आणि गोव्याहून आलेल्या पाहुण्यांच्या बाटलीवरही तोच शब्द छापलेला होता. हा सगळा मिळून एकच शब्द आहे, की एकाच वेषात वावरणारे अनेक शब्द आहेत, आणि मराठीत लिहिताना त्यांचे काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

गेली बत्तीस वर्षे रत्नागिरीत राहून मी इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरे करतो आहे. न्यायालयातले दावे, खरेदीखते, विम्याचे कागद, मच्छीमार सोसायट्यांचे करार, बोटींचे पाहणी-अहवाल असे सगळे हाताखालून गेले आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या कागदात 'पोर्ट' इतका वारंवार येणारा आणि इतका अडवणारा दुसरा शब्द मला आठवत नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. थोडक्यात हवे असेल तर असे: स्पेलिंग एक आहे, शब्द पाच आहेत. त्यांतले तीन लॅटिनमधले, एकाच घरातले. चौथा जहाजावर तयार झालेला. आणि पाचवा एका शहराच्या नावाचा. त्या लॅटिन घराण्याचे मूळ शोधत मागे गेले, तर वाट आपल्याच 'पार' या शब्दापाशी, म्हणजे जवळजवळ तुमच्या खाडीच्या काठावर येऊन पोचते.

पहिला शब्द बंदराचा. लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे जहाजाला आत शिरून निर्धास्त थांबता येईल अशी जागा. हा शब्द १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्याच्याही कितीतरी आधी जुन्या इंग्रजीत रुजलेला होता. तेव्हा 'पोर्ट' म्हणजे समुद्रकाठचे बंदर तर होतेच, पण बाजार भरवण्याचा हक्क असलेले शहरही 'पोर्ट'च होते, मग ते समुद्रापासून कितीही आत असो. अशा शहराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला 'पोर्टरीव्ह' म्हणत. इंग्लंडात समुद्रापासून बरेच आत 'न्यूपोर्ट पॅग्नेल' नावाचे गाव आहे. तिथे कधी गलबत लागले नाही, पण नावात हा जुना बाजारपेठेचा अर्थ अजून टिकून आहे. बंदर आणि पेठ या दोन गोष्टी एकाच शब्दात कशा मावल्या याचे आपल्याला तरी नवल वाटू नये. गोवळकोटच्या धक्क्यावर माल उतरायचा आणि चिपळूणच्या पेठेतून घाटावर चढायचा. त्या काळात बंदर कुठे संपते आणि पेठ कुठे सुरू होते, हे दाखवणे कठीणच होते.

इथे 'हार्बर' या शेजारच्या शब्दाचीही ओळख करून घ्या, कारण मराठीत आपण दोघांनाही 'बंदर'च म्हणतो. 'हार्बर' हा अस्सल जर्मानिक शब्द. त्याचा मूळ अर्थ सैन्याचा निवारा, पुढे कोणताही निवारा आणि त्यानंतर जहाजांचा निवारा. म्हणजे 'हार्बर' म्हटले की वारा आणि लाटा यांपासून आडोसा मिळणारे पाणी डोळ्यांपुढे आणायचे. 'पोर्ट' म्हटले की माल, जकात, नोंदणी, परवाना आणि हद्द. दगडी धक्का म्हणजे 'पोर्ट' नव्हे. कायद्याच्या दृष्टीने 'पोर्ट' म्हणजे अधिसूचना काढून सीमा आखून दिलेले पाणी आणि जमीन. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी ४८ लहान बंदरे अधिसूचित आहेत आणि १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ त्यांचा कारभार पाहते. एखाद्या करारात 'पोर्टच्या हद्दीत' असे शब्द असतील आणि भाषांतरकाराने 'धक्क्यावर' असे लिहिले, तर समुद्रात नांगरून पडलेले जहाज त्या करारातून अलगद बाहेर पडते. ही चूक मी इतरांच्या भाषांतरांत अनेकदा पाहिली आहे.

आपला 'बंदर' शब्द फारसी आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचे मोठे बंदर होते. इराणच्या आखाताकडून घोडे यायचे, मक्केला जाणारे यात्रेकरू इथून निघायचे, आणि त्या ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर शब्दही किनाऱ्याला लागायचे. इंग्रजांनी मुंबईत हाच शब्द आपलासा करून 'अपोलो बंदर' अशी नावे रूढ केली. म्हणजे 'पोर्ट' हा शब्द घरात असतानाही त्यांना इथला शब्द लागलाच.

दुसरा शब्द दाराचा. लॅटिन 'पोर्टा' म्हणजे नगराचा दरवाजा, वेस. यातून आलेले 'पोर्ट' म्हणजे भिंतीतली ये-जा करण्याची जागा. तोफा डागण्यासाठी जहाजाच्या कुशीत जी चौकोनी भोके ठेवत आणि झडपेने बंद करत, ती 'गन-पोर्ट'. आणि तुमच्या पुस्तकातला गोल झरोका, 'पोर्टहोल', तो याच वंशाचा. त्याचा बंदराशी काही संबंध नाही. संगणकाचे 'पोर्ट' हेही दारच आहे. तार अडकवायची ती खाच डोळ्यांना दिसते. पण आत न दिसणारीही दारे असतात आणि त्यांना क्रमांक असतात. संकेतस्थळ उघडताना माहिती साधारणपणे ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या 'पोर्ट'मधून जाते-येते. 'पोर्टल', 'पोर्टिको' आणि घरापुढचा 'पोर्च' हे सगळे याच दाराभोवतीचे शब्द आहेत. दारावरून आठवले म्हणून सांगतो: दाराला लागणाऱ्या दोन वस्तूंची आपली रोजची नावे, 'चावी' आणि 'बिजागरी', पोर्तुगीजांकडून आलेली आहेत.

तिसरा शब्द ओझ्याचा, आणि मराठी माणसाच्या बोलण्यात सर्वांत जास्त वावरतो तो हाच. लॅटिन 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे. पलीकडे वाहून नेणे ते 'ट्रान्सपोर्ट'. परत घेऊन येणे, म्हणजे पाहिलेले-ऐकलेले सांगणे, तो 'रिपोर्ट'. खाली राहून भार पेलणे तो 'सपोर्ट'. देशाबाहेर नेऊन सोडणे ते 'डिपोर्ट'. 'स्पोर्ट' हा याच घरातला आहे हे सहसा लक्षात येत नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'देस्पोर्ते' या क्रियापदाचा तो झिजलेला अवशेष, आणि त्याचा अर्थ मनाला कामापासून दूर वाहून नेणे, रमवणे. मंत्र्यांचा किंवा गुंतवणूकदारांचा 'पोर्टफोलिओ' म्हणजे मुळात कागद वाहून नेण्याचे पाकीट. आणि तुमच्या घरात चाललेले नंबर 'पोर्ट' करणे हेही वाहून नेणेच: कंपनी बदलली तरी आपला नंबर उचलून बरोबर न्यायचा. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली आणि १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' हा शब्द टाकून संदेश पाठवण्याची पद्धत पडली. तेव्हापासून लॅटिनमधले हे क्रियापद वाडी-वाडीतल्या माणसाने निदान एकदा तरी आपल्या बोटांनी टाइप केले आहे. त्याला 'बंदर' ठाऊक होते, 'वाहून नेणे' ठाऊक नव्हते, आणि तरी काम अडले नाही.

इथे एक गैरसमज आवर्जून दूर करतो, कारण शाळांतूनसुद्धा तो शिकवला जातो. 'इम्पोर्ट' म्हणजे बंदराच्या आत आणि 'एक्स्पोर्ट' म्हणजे बंदराच्या बाहेर, अशी फोड केली जाते. न्हावा-शेव्याचे बंदर जवळ असल्यामुळे ती पटतेही. परंतु या दोन्ही शब्दांत बंदर नाही. आत वाहून आणणे आणि बाहेर वाहून नेणे एवढेच आहे. विमानाने आलेला मालही 'इम्पोर्ट'च आणि वाघा सीमेवरून ट्रकने आलेलाही 'इम्पोर्ट'च. त्याच क्रियापदाचा दुसरा फाटा म्हणजे 'इम्पॉर्टंट': जे आपल्याबरोबर काही परिणाम घेऊन येते, ते महत्त्वाचे.

'पोर्टर' या शब्दात तर दोन निरनिराळे शब्द एकावर एक चढलेले आहेत. दारावर उभा राहणारा 'पोर्टर' हा 'पोर्टा'पासून, आणि ओझे उचलणारा 'पोर्टर' हा 'पोर्टारे'पासून. पहिला द्वारपाल, दुसरा हमाल. इंग्लंडातल्या जुन्या महाविद्यालयाच्या फाटकावरचा 'पोर्टर' आणि रत्नागिरी स्टेशनवरचा 'पोर्टर' यांचे नाते नामसाधर्म्याचे आहे, व्यवसायाचे नाही. एका इस्टेटीच्या कागदपत्रांत मृत व्यक्तीचा व्यवसाय 'पोर्टर, अमुक महाविद्यालय' असा होता आणि आधीच्या भाषांतरात त्याचे 'हमाल' झाले होते. नातवाला ते लागले होते, आणि त्याचे लागणे योग्य होते. हमालीत कमीपणा आहे म्हणून नव्हे. आजोबांनी आयुष्यभर जे काम केले तेच कागदावरून पुसले गेले होते म्हणून.

आता या तीन भावांच्या मूळ घराकडे येतो. भाषाशास्त्रज्ञांनी युरोप आणि भारत यांच्या समाईक पूर्वज-भाषेत 'पेर्' असा एक धातू मांडला आहे. अर्थ, पलीकडे जाणे किंवा नेणे. 'पोर्टुस' म्हणजे जिथून आत शिरता येते ती जागा, 'पोर्टा' म्हणजे जिच्यातून पलीकडे जाता येते ती जागा आणि 'पोर्टारे' म्हणजे पलीकडे नेण्याची क्रिया. ग्रीकमध्ये याच मुळाचा 'पोरोस', म्हणजे पार जाण्याची वाट. त्यावरून प्रवासी व्यापारी तो 'एम्पोरोस' आणि त्याची पेठ ती 'एम्पोरियन'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे याच शब्दाने नोंदवलेली आहेत. दुकानावरच्या पाटीवर आपण 'एम्पोरियम' लिहितो, तो हाच.

संस्कृतात त्या धातूचे रूप 'पृ', आणि त्यातून आलेला 'पार' म्हणजे पलीकडचा काठ. हा शब्द आपल्या भाषेत किती खोल मुरला आहे हे पाहिले, की 'पोर्ट' परका वाटेनासा होतो. 'अपार' म्हणजे ज्याचा पलीकडचा काठच दिसत नाही असे. 'पारंगत' म्हणजे विद्येच्या पलीकडच्या काठाला पोचलेला. श्रावणात घरोघरी 'पारायण' बसते, ते म्हणजे ग्रंथाच्या या काठावरून त्या काठापर्यंत जाणे. आणि सर्वांत सुंदर जोडी 'पासपोर्ट'ची. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ बंदरातून जाण्या-येण्याचा परवाना. मराठीत आपण त्याला 'पारपत्र' म्हणतो. तिथला 'पोर्ट' आणि इथला 'पार' हे एकाच धातूची लेकरे आहेत. भाषांतर करताना इतके चपखल शब्द फार थोड्या वेळा हाती लागतात, आणि जेव्हा जेव्हा हा शब्द लिहितो तेव्हा मला अजूनही आनंद होतो.

मग इंग्रजीला स्वतःचा, उसना न घेतलेला असा या धातूचा शब्द नव्हता का? होता, आणि तुम्ही रोज पाहता. जर्मानिक भाषांत मूळच्या 'प'चा 'फ' झाला. म्हणून आपला 'पितृ' तो त्यांचा 'फादर', आपला 'पाद' तो त्यांचा 'फूट'. त्याच नियमाने 'पेर्'पासून त्यांच्याकडे 'फोर्ड' झाला, म्हणजे नदीचा उतार. 'फेअर' झाला, म्हणजे आधी प्रवास आणि नंतर प्रवासाचे भाडे. 'फेअरवेल' झाला, म्हणजे नीट जा. (आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हा फरक मला नेहमी विचारात पाडतो.) आणि त्याच कुळातला 'फेरी', म्हणजे पाण्यापलीकडे नेऊन सोडणे. दाभोळ-धोपावे मार्गावरची तुमची फेरीबोट ती हीच. मात्र इथे जपून राहायला हवे. आपल्या कानाला 'फेरीबोट' म्हणजे फेऱ्या मारणारी बोट वाटते, कारण 'फिरणे'पासून झालेली आपली 'फेरी' आधीपासून घरात आहे. बोटीवर चढताना माणसे 'पुढची फेरी कधी' असे विचारतात, तेव्हा ती मराठी 'फेरी' असते. पाटीवरची 'फेरी' इंग्रजी असते. दोन भाषांतले दोन असंबद्ध शब्द एकाच बोटीवर असे शेजारी येऊन बसलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. जुन्या लोकांना विचारलेत तर ते 'तर' म्हणतील. 'तरीने पलीकडे जायचे' असे माझी आजी म्हणत असे, आणि 'तरणे', 'तारू' ही त्याची भावंडे.

बंदराच्या 'पोर्टुस'पासून निघालेला आणखी एक शब्द मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्याच्यात वारा आहे. 'ऑपॉर्च्युनिटी' याचे आपण 'संधी' असे भाषांतर करतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामागचे लॅटिन विशेषण 'ओप्पोर्तुनुस' म्हणजे 'बंदराच्या दिशेने नेणारा', आणि ते वाऱ्याला लावत. शिडाच्या होडीवर ज्याने दिवस काढले त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर होडी बाहेर पडते. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, तो शीड भरतो आणि घरी आणून सोडतो. त्या खाऱ्या वाऱ्याला लॅटिनमध्ये हेच विशेषण लागले असते. याचाच उलट शब्द 'इम्पोर्तुनुस', म्हणजे ज्याला आसऱ्याचे बंदर नाही असा, आणि म्हणून अडचणीचा, पिच्छा पुरवणारा.

आता डावी बाजू. तुमच्या पुढच्या आयुष्यात याच अर्थावर माणसांचे जीव अवलंबून असणार आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

उत्तर युरोपातल्या जुन्या नौकांना मागे मधोमध सुकाणू नसे. एक रुंद वल्हे नौकेच्या मागच्या भागात उजव्या कुशीला बांधलेले असे आणि त्याने दिशा बदलत. उजव्या कुशीला, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे नौकेची कूस. तेव्हा सुकाणूची कूस ती 'स्टिअर-बोर्ड', पुढे 'स्टारबोर्ड'. धक्क्याला लागताना ते वल्हे चिरडू नये म्हणून नौका डाव्या कुशीने धक्क्याला लावत आणि तिथूनच माल चढवत. म्हणून डावी कूस ती मालभरणीची कूस, 'लारबोर्ड'. पण वादळात, शिडांच्या फडफडाटात, 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' हे दोन शब्द ओरडून सांगितले तर कानाला सारखेच लागतात. त्यासाठी 'पोर्ट' हा आखूड आणि वेगळा वाजणारा शब्द खलाशी आधीपासून वापरत होतेच. १८४४ साली ब्रिटिश आरमाराने 'लारबोर्ड' बंद करून 'पोर्ट' सक्तीचा केला आणि १८४६ साली अमेरिकी आरमाराने तेच केले. हा 'पोर्ट' बंदराकडे असणारी कूस म्हणून आला, की माल घेण्याचे दार ज्या कुशीला होते ती म्हणून आला, अशी दोन स्पष्टीकरणे दिली जातात. दोन्हींचा रोख धक्क्याला लागणाऱ्या कुशीकडेच आहे.

याच शब्दाने मला माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मोठा धडा दिला. मिरकरवाड्यातली एक मासेमारी नौका रात्री धक्क्याला बांधलेली असताना दुसरी नौका येऊन तिच्यावर आदळली. विमा कंपनीच्या पाहणी-अहवालात नुकसान 'पोर्ट' बाजूला झाल्याचे इंग्रजीत लिहिले होते आणि मी मराठी प्रतीत 'बंदराकडील बाजू' असे लिहिले. तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, जबाबात मात्र धडक बाहेरच्या, म्हणजे समुद्राकडच्या अंगाला बसल्याचे होते. दोन कागद जुळेनात, आणि दावा चार महिने अडकून पडला. शेवटी मी स्वतः जाऊन नौका पाहिली. ती वाळूत ओढून ठेवली होती. डाव्या कुशीच्या तीन फळ्या आत दबल्या होत्या आणि सांध्यांमधला कापूस बाहेर लोंबत होता. तांडेलाने त्या फळ्यांवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, ही बाजू समुद्राकडे होती. धक्क्याला दुसरी होती." नौका उजव्या कुशीने बांधलेली होती. 'पोर्ट' म्हणजे नौकेची डावी कूस, ती बंदरात कशीही उभी असो; बंदर कोणत्या अंगाला आहे याच्याशी आज त्या शब्दाचे काहीही देणे-घेणे नाही. एवढे मला ठाऊक नव्हते आणि त्याची किंमत त्या घराने चार महिने मोजली.

'डावी' आणि 'पोर्ट' यांत आणखी एक फरक आहे. माझी डावी बाजू मी तोंड फिरवले की बदलते. नौकेची 'पोर्ट' बाजू बदलत नाही. नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिल्यावर जी डावी, तीच कायमची 'पोर्ट'. मागे तोंड करून जाळे ओढणाऱ्या खलाशाच्या ती उजव्या हाताला येते. म्हणूनच जहाजावर 'डावीकडे', 'उजवीकडे' हे साधे शब्द चालत नाहीत.

हुकमांचा इतिहास तर याहून गुंतागुंतीचा आहे. सुकाणूचा दांडा एका बाजूला ढकलला की जहाज दुसऱ्या बाजूला वळते, आणि विसाव्या शतकाची पहिली काही दशके हुकूम दांड्याच्या दिशेने दिला जाई, जहाजाच्या नव्हे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक'वर हिमनग दिसताच 'स्टारबोर्ड'चा हुकूम सुटला आणि जहाजाचे नाक 'पोर्ट'कडे वळले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होते. १९३० च्या दशकात ही रीत बदलली, आणि आता हुकूम जहाज ज्या बाजूला वळवायचे त्याच बाजूचा असतो. जुनी वर्णने वाचताना हे लक्षात ठेवले नाही, तर सगळे उलटे समजते.

दिव्यांचे रंग पाठ करा: 'पोर्ट'ला लाल, 'स्टारबोर्ड'ला हिरवा. प्रत्येक दिवा समोरून आपल्या कुशीकडे ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, म्हणून रात्री दिसणाऱ्या रंगावरून समोरच्या नौकेचे तोंड कुठे आहे ते कळते. दोन यांत्रिक नौका एकमेकींची वाट छेदत असतील आणि तुमच्या उजव्या अंगाला तुम्हाला दुसरीचा लाल दिवा दिसत असेल, तर बाजूला होण्याची जबाबदारी तुमची. अगदी समोरासमोर आल्या, तर दोघींनीही उजवीकडे वळून एकमेकींना 'पोर्ट'च्या अंगाने ओलांडायचे. आपल्याकडच्या पद्धतीत समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे असतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेलात तर हेच उलटे असते.

पाहुण्यांच्या बाटलीचा शब्द लवकर उरकतो. पोर्तुगालमध्ये डोरू नदीच्या मुखाशी 'पोर्तो' नावाचे शहर आहे, नावाचा अर्थ नुसताच 'बंदर'. तिथून जाणारी, आत ब्रँडी घालून आंबणे मध्येच थांबवलेली आणि म्हणून गोड राहिलेली वाइन ती 'पोर्ट'. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १७०३ च्या तहानंतर इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांश कमी जकात लागू लागली आणि इंग्रजांच्या घरात ती स्थिरावली. ती बहुतेक लाल असते. इंग्रज खलाशी डाव्या कुशीचा लाल दिवा तिच्यावरूनच लक्षात ठेवतात. त्याच नदीमुखावरच्या 'पोर्तुस काले' या जुन्या ठिकाणावरून पोर्तुगाल देशाला नाव मिळाले. तेव्हा कोकणाने वसईपासून रेवदंड्यापर्यंत ज्यांचे किल्ले पाहिले, ज्यांच्याकडून वसई चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतली, आणि ज्यांच्या भाषेचा अंश कोर्लईतल्या काही घरांत आजही बोलला जातो, त्या 'पोर्तुगीज' लोकांच्या नावातही बंदरच आहे.

राहिला प्रश्न मराठीत काय लिहायचे याचा. एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे चालवू नका. वाक्यात 'पोर्ट' काय करतो आहे ते आधी पाहा. जहाज थांबवत असेल तर 'बंदर' लिहा, आणि कायद्याची हद्द अभिप्रेत असेल तर 'बंदराची हद्द' असे पूर्ण लिहा. आत-बाहेर जाऊ देत असेल, तर जहाजावर 'झरोका' आणि संगणकात 'पोर्ट' तसाच ठेवा. तिथे 'द्वार' लिहून वाचणाऱ्याचे भले होत नाही. वाहून नेत असेल तर क्रियापद वापरा; नंबर 'पोर्ट करणे' आता मराठीच झाले आहे, त्याला हात लावू नका. आणि जहाजावर सुकाणूच्या चाकापाशी उभे असताना मात्र काहीच भाषांतर करू नका; मिळालेला हुकूम त्याच शब्दांत मोठ्याने परत म्हणा आणि मग चाक फिरवा.

कागदावर डाव्या कुशीसाठी काय लिहावे, हे मला त्या तांडेलानेच सांगितले. दुरुस्त केलेला जबाब वाचून दाखवताना मी 'नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडील बाजू' असे लांबलचक वाचत होतो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "लाल बत्तीची बाजू लिहा की. ती कोण चुकवणार?" तेव्हापासून प्रत्येक अहवालात मी 'डावी (लाल दिव्याची) कूस' असे लिहितो, आणि तुमच्या वहीतही तेच लिहा असे सुचवतो.